तीन घरचा पाहुणा : हजीऱ्याचा किनारा, पक्षी आणि चपटे कृमी



ग्रंथालयाच्या वार्षिक अहवालात ‘आश्रयदाते’ हा शब्द मोठ्या आदराने छापला जातो. जीवशास्त्रातही एक आश्रयदाता असतो. त्याच्या अंगात दुसरा एखादा जीव राहतो, खातो-पितो, प्रजा वाढवतो. मात्र या आश्रयदात्याची संमती कोणी घेतलेली नसते आणि त्याचे नाव संगमरवरी पाटीवर कोरले जात नाही. समुद्रकाठच्या पक्ष्यांच्या आतड्यांत, पित्ताशयात, रक्तवाहिन्यांत, क्वचित डोळ्याच्या पापणीखालीही जे चपटे कृमी राहतात, त्यांची हकिगत ही अशा नाइलाजाने झालेल्या आश्रयदात्यांची हकिगत आहे. विषय प्रथमदर्शनी किळसवाणा वाटेल. परंतु ज्या किनाऱ्यावर हे कृमी नांदतात तो किनारा बहुधा धडधाकट असतो, आणि जेथून ते नाहीसे होतात तेथे काहीतरी मोडलेले असते, हा गेल्या काही दशकांतील संशोधनाचा निष्कर्ष ऐकण्याजोगा आहे. सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या संदर्भात तर तो विशेषच ऐकण्याजोगा आहे.

हजीरा हे तापीच्या मुखावरचे गाव. मध्य प्रदेशात मुलताईला उगम पावलेली, खानदेशची काळी माती घेऊन आलेली तापी येथे अरबी समुद्राला मिळते. याच भूशिरावर सुवाळीचा किनारा आहे. १६१२ मध्ये तेथे इंग्रजांच्या जहाजांनी पोर्तुगीजांना हटवले आणि इंग्रजांच्या सुरतेतील व्यापाराचा पाया घातला गेला. शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० मधील सुरतेच्या स्वाऱ्या मराठी वाचकाला पाठ असतात. त्या शहराची संपत्ती ज्या बंदरातून आत येई तो हा किनारा. पुढे नदीचे मुख गाळाने भरत गेले, मोठी गलबते दूर राहू लागली आणि व्यापार मुंबईकडे वळला. १९८० नंतर हजीऱ्याचे नाव पुन्हा देशभर झाले ते वसईच्या समुद्रातील वायू येथे किनाऱ्याला लागला म्हणून. वायुशुद्धीकरण, खत, पोलाद, मग २००५ मध्ये द्रवरूप वायूचे बंदर, अशी कारखान्यांची रांग उभी राहिली.

या दोन कीर्तींच्या मध्ये जो तिसरा हजीरा आहे, तो ओहोटीच्या वेळी दिसतो. खंभातच्या आखाताची भरती-ओहोटी देशातल्या सर्वांत मोठ्या भरती-ओहोट्यांपैकी आहे. पाणी ओसरले की दूरवर ओला, चकाकणारा चिखल उघडा पडतो. वरवर पाहता तो ओसाड. पण त्यावर बोटाच्या पेराएवढ्या, उभट शंखाच्या गोगलगाई रांगत असतात. बिळांच्या तोंडाशी खेकडे नांग्या हलवतात. निवट्या चिखलावर टुणटुण उड्या मारतात. कडेला तिवरांची झुडपे श्वासमुळे वर काढून उभी असतात. हिवाळा लागला की सैबेरिया आणि मध्य आशियातून तुतवार, चिखल्या, टिलवे, पाणटिवळे, कुरल यांचे थवे उतरतात. त्यांच्या जोडीला कुरव आणि सुरय येतात. बगळे आणि वंचक तर बारमाही रहिवासी. गोगलगाय, खेकडा किंवा मासा, आणि पक्षी ही तीन घरे ज्या चिखलावर शेजारी-शेजारी आहेत, तेथेच चपट्या कृमीचा संसार उभा राहू शकतो.

कृमींविषयीचे कुतूहल आपल्याकडे जुने आहे. चरकसंहितेत वीस प्रकारचे कृमी सांगितले असून त्यांचे मळातून, रक्तातून, कफातून आणि विष्ठेतून उपजणारे असे वर्ग केले आहेत. संतवाङ्मयात आणि पुराणांत अंडज, जारज, स्वेदज आणि उद्भिज या चार खाणींचा उल्लेख वारंवार येतो; घामातून, ओलाव्यातून आपोआप उपजणाऱ्या स्वेदज जीवांत क्षुद्र जंतूंची गणना होई. हजीरा ज्या तालुक्यात आहे त्या तालुक्याचे नावच चोर्यासी. चौऱ्यांशी लक्ष योनींच्या परंपरेत वाढलेल्या मराठी माणसाला ते ऐकून गंमत वाटते. पण कृमी शरीरातच आपोआप निर्माण होतात ही समजूत केवळ आपल्याकडेच नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपातील विद्वानांतही ती होती. प्राण्याच्या पोटात सापडणारा कृमी बाहेरच्या जगात कोठेच दिसत नाही. मग तो येतो कोठून? प्रश्न रास्त होता.

त्याचे उत्तर डेन्मार्कचे शास्त्रज्ञ यापेटुस स्टीनस्ट्रुप यांनी १८४२ मध्ये सुचवले. डबक्यातील गोगलगायीतून बाहेर पडणारे शेपटीवाले सूक्ष्म जीव आणि मोठ्या प्राण्यांच्या पोटातील पानासारखे कृमी हे निरनिराळे प्राणी नसून एकाच प्राण्याच्या पिढ्या आहेत; आजी, आई आणि लेक यांचे चेहरे एकमेकींशी मुळीच जुळत नाहीत एवढेच. चाळीस वर्षांनी, १८८१ ते १८८३ या काळात, जर्मनीत रुडॉल्फ लॉयकार्ट आणि इंग्लंडात अल्जर्नन थॉमस यांनी स्वतंत्रपणे मेंढीच्या यकृतातील पर्णकृमीचा संपूर्ण जीवनक्रम मांडला. मेंढीच्या रोगाचे मूळ कुरणातल्या ओलसर जागी राहणाऱ्या एका चिमुकल्या गोगलगायीत सापडले. स्वेदज मानलेला जीव अंडज ठरला, आणि अंड्यापासून मेंढीपर्यंत पोचायला त्याला दुसऱ्याच्या घरातून जावे लागते हेही कळले.

समुद्रकाठी ही वाट बहुधा तीन घरांची असते. पक्ष्याच्या आतड्यात राहणारा पर्णकृमी अंडी घालतो. ती विष्ठेबरोबर चिखलावर पडतात. कधी अंड्यातून बाहेर आलेला केसाळ डिंभ पोहत जाऊन गोगलगायीच्या अंगात शिरतो, तर कधी गोगलगायच चिखल चरताना ते अंडे गिळते. आत गेल्यावर तो स्वतःच्याच अंगातून नव्या पिढ्या काढीत राहतो. गोगलगायीची जननेंद्रिये हळूहळू या भाडेकरूने व्यापली जातात. ती जगते, चरते, चालते. पण तिला पिल्ले होत नाहीत. शरीर गोगलगायीचे, संतती कृमीची. काही जातींत या पिढ्यांमध्ये श्रमविभागणीही दिसते. काहीजणी पुनरुत्पादन करतात, तर लहान अंगाच्या आणि मोठ्या जबड्याच्या काहीजणी दुसऱ्या जातीचा कृमी त्याच गोगलगायीत शिरला तर त्याच्यावर तुटून पडतात. कॅलिफोर्नियाच्या खाड्यांतील कृमींत अशा ‘सैनिकां’चे वर्णन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंग्या आणि मधमाश्या यांच्यापुरता राखून ठेवलेला हा मान एका चपट्या कृमीला मिळाला.

गोगलगायीतून पाण्यात उतरणाऱ्या शेपटीवाल्या डिंभाला सर्केरिया म्हणतात. त्याला तोंड असले तरी तो काही खात नाही. जन्मतः मिळालेल्या शिदोरीवर तो फार तर एखाद-दोन दिवस जगतो. तेवढ्या अवधीत त्याने दुसरे घर गाठायचे असते : खेकडा, मासा, शिंपला, क्वचित दुसरी गोगलगाय. तेथे तो शेपटी टाकतो, अंगाभोवती कोष विणतो आणि वाट पाहतो. हा खेकडा किंवा मासा योग्य त्या पक्ष्याने खाल्ला, तरच कोष फुटून कृमी वयात येतो. तीन घरांपैकी एकही चुकले तर त्याचा वंश तेथेच संपतो.

इतक्या अडचणीच्या वाटेवर नुसत्या दैवावर भरवसा ठेवून चालत नाही. काही कृमी दुसऱ्या घराच्या मालकाची चालच बदलतात. कॅलिफोर्नियाच्या खाडीतील एका लहान माशाच्या मेंदूवर असेच कोष बसतात. केव्हिन लॅफर्टी आणि किमो मॉरिस यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले, की असा मासा निरोगी माशापेक्षा सुमारे चौपट वेळा पृष्ठभागाशी येऊन अंग थरथरवतो, कूस पालटून पोटाची चंदेरी बाजू चमकवतो, आणि पक्ष्यांच्या तोंडी जाण्याचा त्याचा संभव दहा ते तीस पटींनी वाढतो. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावरील एका शिंपल्याच्या पायात कृमींचे कोष साठले की त्याला वाळूत रुतता येत नाही. तो उघड्यावर पडतो आणि शिंपले फोडणाऱ्या पक्ष्याचे फावते.

पर्णकृमींचे चुलत भावंड म्हणजे पट्टकृमी. त्यांचे एक उदाहरण गुजरातेस आणि महाराष्ट्रास जवळचे वाटेल अशा पक्ष्याचे आहे. मोठ्या रोहिताच्या आतड्यात राहणारा एक पट्टकृमी मिठागरांतील आर्टेमिया नावाच्या चिमुकल्या कोळंबीवजा जीवात आपले बालपण काढतो. भूमध्य समुद्राकाठच्या मिठागरांत असे आढळले, की बाधा झालेल्या आर्टेमियाचा रंग लाल होतो, तो पृष्ठभागाजवळ घोळक्याने राहतो आणि त्याची प्रजननशक्ती मावळते. रोहिताच्या चोचीत नेमका तोच घोळका जातो. रोहिताची हीच जात कच्छच्या रणात घरटी घालते. तेथील ‘रोहितनगरी’चे वर्णन सलीम अली यांनी १९४५ मध्ये केले होते.

आता या कृमींच्या कुळाकडे वळू. चपट्या कृमींच्या प्रचंड समुदायात स्वतंत्रपणे जगणारेही पुष्कळ आहेत; दगडाखाली, पाण्यात, ओल्या मातीत ते सुखाने राहतात. परोपजीवी झालेल्या शाखा, म्हणजे पर्णकृमी, पट्टकृमी आणि माशांच्या कल्ल्यांना चिकटणारे कृमी, या एकाच पूर्वजापासून निघाल्या असे शरीररचनेवरून आणि आनुवंशिक द्रव्यावरून ठरले आहे. त्यांची खूण त्यांच्या कातडीत आहे. डिंभावस्थेतील केसाळ त्वचा टाकून ते एक नवी, अखंड, पेशींच्या भिंती नसलेली कातडी धारण करतात. तिच्यावर आश्रयदात्याचे पाचकरस आणि रोगप्रतिकारक द्रव्ये सहसा चालत नाहीत. पट्टकृमींची अंडी ब्राझीलमध्ये एका शार्कच्या जीवाश्म झालेल्या विष्ठेत सापडली आहेत. ती सुमारे सत्तावीस कोटी वर्षांपूर्वीची आहेत. त्या वेळी पृथ्वीवर एकही पक्षी नव्हता. किनाऱ्याच्या पक्ष्यांत राहणाऱ्या काही पर्णकृमींनी तर आपला दप्तरखाना शिंपल्यांवरच मागे ठेवला आहे. त्यांचे डिंभ शिंपल्याच्या आतल्या बाजूस बसले की शिंपला त्यांच्याभोवती कवच घालू पाहतो आणि तेथे बारीक खळगा उरतो. असे खळगे इओसीन काळातील, म्हणजे किमान साडेतीन कोटी वर्षांपूर्वीच्या, शिंपल्यांवरही दिसतात.

या कुळाचा एक नियम लक्षात घेण्याजोगा आहे. पर्णकृमी पहिल्या घराच्या बाबतीत अतिशय कर्मठ असतो. एका जातीच्या, फार तर जवळच्या दोन-चार जातींच्या गोगलगायींपलीकडे तो जात नाही. शेवटच्या घराच्या बाबतीत मात्र तो उदार असतो. बगळा मिळाला तर बगळा, कुरव मिळाला तर कुरव. उत्क्रांतीच्या ओघात हे कृमी नव्या नव्या पृष्ठवंशी प्राण्यांत शिरत गेले, पण गोगलगायीशी असलेले नाते त्यांनी सहसा सोडले नाही. सोयरीक दूरदूरच्या घराण्यांत केली तरी कुलदैवत बदलले नाही, असेच म्हणावे लागेल.

या सोयरिकींपैकी एक माणसापर्यंत येऊन पोचली, आणि तिचे एक टोक कोकणात आहे. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन वैद्याने १८५१ मध्ये कैरोत एका शवविच्छेदनात रक्तवाहिन्यांत राहणारा पर्णकृमी पाहिला. लघवीवाटे रक्त जाण्याचा रोग त्याच्यामुळे होतो. भारतात हा रोग स्थानिक नाही असे दीर्घकाळ मानले जाई. १९५२ मध्ये डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी या गावी या रोगाचे स्थानिक केंद्र असल्याचे प्रसिद्ध केले. पुढे तेथील फेरिसिया नावाच्या, नखाएवढीही नसलेल्या गोगलगायीकडे त्यांनी बोट दाखवले. गुहागर तालुक्यातले हे छोटे गाव त्यामुळे जगाच्या वैद्यकीय वाङ्मयात नोंदले गेले. या रक्तकृमींच्या वंशवृक्षात अगदी लवकर वेगळी झालेली एक शाखा सागरी पक्ष्यांत आणि समुद्रकाठच्या गोगलगायींत राहते, हे २००० सालापासूनच्या आनुवंशिक अभ्यासांतून पुढे आले. गिमवीच्या रोगाची दूरची भाऊबंदकी अशी समुद्रपक्ष्यांच्या रक्तात आहे.

पक्ष्यांतले हे रक्तकृमी माणसाच्या शरीरात वाढू शकत नाहीत. त्यांचे डिंभ चुकून माणसाच्या कातडीत शिरतात आणि तेथेच मरतात. उरते ती काही दिवसांची असह्य खाज. विल्यम कॉर्ट यांनी १९२८ मध्ये अमेरिकेतील मिशिगनच्या तळ्याकाठी या खाजेचे कारण शोधले. आपल्याकडे भातखाचरांत राबणाऱ्यांच्या पायांना सुटणाऱ्या खाजेमागेही असेच, बहुधा गुराढोरांच्या रक्तकृमींचे डिंभ असतात. समुद्रकाठी ही खाज कुवेतच्या उपसागरात नोंदली गेली आहे. तेथील चिखलावर राहणाऱ्या सेरिथिडिया सिंग्युलाटा या गोगलगायीतून अनेक जातींच्या पर्णकृमींचे डिंभ बाहेर पडतात. हीच गोगलगाय भारताच्या दोन्ही किनाऱ्यांवरील चिखलात विपुल आहे. सुरतेची गलबते ज्या आखातात मोती आणि घोडे आणायला जात, त्या आखाताशी या किनाऱ्याचे हे आणखी एक, न मोजलेले नाते आहे.

मग हे कृमी पसरतात कसे? गोगलगाय जन्मभरात फार लांब जात नाही. खेकडा आणि लहान मासा खाडीपुरते. दूरचा प्रवास घडवतो तो पक्षी. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडांना आणि माणसांना ग्रासणारा नवा ताप आढळला, तेव्हा त्याचा विषाणू स्थलांतरी पक्ष्यांनी उत्तरेकडून आणला असावा असा संशय घेतला गेला. त्या निमित्ताने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या नेतृत्वाखाली पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. पक्ष्यांवरील तो संशय सिद्ध झाला नाही, पण त्यातून पक्ष्यांच्या वाटा कळल्या. रोगाचा माग काढायला निघालेले लोक ज्ञानाचे मोठे गाठोडे घेऊन परतले. याच सोसायटीने २०२२ मध्ये ठाण्याच्या खाडीतील रोहितांवर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली, तेव्हा खंभातच्या आखातापलीकडे भावनगरपर्यंत गेलेला रोहितही नोंदला गेला. खाडी ते आखात हे अंतर कृमीच्या दृष्टीने पक्ष्याच्या पोटातील एका प्रवासाचे आहे.

याचा परिणाम कृमींच्या आनुवंशिक घडणीतही उतरतो. ज्यांचे सारे आयुष्य पाण्यातच, माशापर्यंतच संपते, त्यांच्या दर ओढ्यागणिक वेगळ्या वसाहती बनतात. ज्यांच्या वाटेत पक्षी किंवा सस्तन प्राणी येतो, त्यांचे रक्त दूरदूरपर्यंत मिसळलेले राहते. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील नद्यांत २००४ मध्ये हे दाखवले गेले. पक्षी केवळ कृमीच नेतात असेही नाही. मध्य अमेरिकेच्या चिंचोळ्या पट्टीने वेगळे केलेल्या दोन महासागरांतील खाडीच्या गोगलगायी, शेकडो सहस्र वर्षांच्या ओघात, पक्ष्यांच्या मार्गाने पलीकडे पोचल्याचा आनुवंशिक पुरावा २०१२ मध्ये मिळाला. पाहुण्याबरोबर त्याचे पहिले घरही पंखांवर बसून गेले.

पक्ष्यापेक्षा वेगवान वाहक मात्र माणूस ठरला. विसाव्या शतकाच्या आरंभी जपानी कालवे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नेऊन लावण्यात आली. त्या कालवांबरोबर बॅटिलारिया नावाची चिखलातली गोगलगाय गेली आणि गोगलगायीबरोबर तिचा एक पर्णकृमी. मायदेशात या गोगलगायीला अनेक कृमी त्रास देत. परदेशात त्यांच्यातला एकच काय तो सोबत आला. शत्रू मागे राहिल्यामुळे अशा आगंतुकाचे बळ वाढते. याच्या उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेच्या अंतर्भागातील आहे. युरोपातून आलेल्या बिथिनिया नावाच्या गोड्या पाण्यातील गोगलगायीबरोबरचे पर्णकृमी मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यात पोचले, आणि २००२ पासून तेथे हजारो बदके आणि वारकऱ्या मरून पडल्या. पिढ्यान्‌पिढ्या एकत्र राहिलेला कृमी पक्ष्याला सहसा मारत नाही. यजमान मेला तर पाहुणाही मरतो. अनर्थ होतो तो घडी मोडली की. माणसाने घडी मोडली आणि दोष कृमीवर आला, असे बरेचदा झाले आहे.

हेच सूत्र उलट दिशेने वाचले तर कृमी हा किनाऱ्याचा साक्षीदार ठरतो. ज्या गोगलगायीत अनेक जातींचे कृमी सापडतात, तेथे अनेक जातींचे पक्षी उतरत असलेच पाहिजेत, कारण ते उतरल्याशिवाय कृमीची अंडी पडणार नाहीत. आणि तेथे खेकडे, मासे, शिंपले असलेच पाहिजेत, कारण त्यांच्यावाचून मधली पायरी भरत नाही. कॅलिफोर्नियात रायन हेचिंगर आणि लॅफर्टी यांनी २००५ मध्ये ही सांगड मोजून दाखवली : पक्षी जास्त आणि विविध, तेथे गोगलगायीतील कृमी जास्त आणि विविध. तेथीलच एका बिघडलेल्या खाडीची भूमी पूर्ववत केल्यानंतर सहा वर्षांत गोगलगायींतील कृमींचे प्रमाण आणि जाती दोन्ही लक्षणीय वाढल्याचे दिसले. कृमी परत आले म्हणजे खाडी बरी झाली, अशी ती पावती होती. २००८ मध्ये तीन खाड्यांतील साऱ्या जीवांचे वजन करण्यात आले, तेव्हा पर्णकृमींनी एका वर्षात पाण्यात सोडलेल्या डिंभांचे वजन त्या खाड्यांतील साऱ्या पक्ष्यांच्या वजनापेक्षा अधिक भरले. आकाशातला थवा डोळ्यांना दिसतो. त्याहून वजनदार थवा पाण्यात न दिसता तरंगत असतो.

हजीऱ्याच्या किनाऱ्याकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. उकाईचे धरण १९७२ मध्ये पुरे झाल्यापासून तापीचा बराच गाळ वरच अडतो. नदीच्या मुखावरच्या चिखलाचे खाद्य तेवढ्याने कमी झाले. मुखाशी बंदरे, धक्के, भराव आले. भरावाखाली गेलेला चिखल नकाशावर ‘जमीन’ म्हणून मिळकतीत जमा होतो. त्याच्याबरोबर गेलेल्या तीन घरांची नोंद खर्चाच्या बाजूला होत नाही. तिवरे तोडली तर ती मोजता येतात, बगळे उडून गेले तर ते दिसतात. पण पक्षी येत राहिले आणि गोगलगाय गेली, किंवा गोगलगाय राहिली आणि खेकडा गेला, तर वरून सारे यथास्थित दिसते; कृमीचा संसार मात्र तुटलेला असतो. साखळीची कडी प्रथम कोठे निखळली हे सांगणारा साक्षीदार तोच.

या चिखलाशी माणसांचाही संबंध आहे. गुजरातच्या किनाऱ्यावर ओहोटीत पायी जाऊन जाळी लावणाऱ्या मच्छीमारांना पगडिया म्हणतात. त्यांची शेती म्हणजे हाच ओला पट्टा. त्यांचे हंगाम पंचांगापेक्षा भरतीवर ठरतात. हजीऱ्याच्या मच्छीमारांनी बंदराच्या विस्ताराविरुद्ध दाद मागितली आणि राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठाने २०१६ च्या जानेवारीत त्या प्रकरणात निकाल दिला. वाद तेथेच संपला नाही, वरच्या न्यायालयात गेला. परंतु भरती-ओहोटीमधली जमीन ही रिकामी जागा नव्हे, तिच्यावर कोणाचे तरी पोट अवलंबून आहे, ही गोष्ट त्या निमित्ताने कागदावर आली. १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेने भरती-ओहोटीमधल्या पट्ट्याला संरक्षण दिले. २०११ च्या अधिसूचनेत जीवसृष्टीने गजबजलेल्या चिखलपट्ट्यांचा स्वतंत्र उल्लेखही आला. कायद्याने ‘गजबजलेला’ म्हटले खरे. ती गजबज मोजायची कशी, याचे एक साधे माप कृमी देतात.

आणि ते माप खर्चिक नाही. चिखलावरच्या गोगलगायी उचलून, समुद्राच्या पाण्याने भरलेल्या काचेच्या पेल्यांत एकेक ठेवायची आणि त्यांवर उजेड पडू द्यायचा. बाधा असलेल्या पुष्कळशा गोगलगायींतून काही वेळाने शेपट्या वळवळवीत डिंभ बाहेर येतात. काळ्या कागदाच्या पार्श्वभूमीवर, साध्या भिंगाने, धुळीच्या कणांसारखे ते नाचताना दिसतात. हात मात्र पाण्यात घालू नये. शंभर गोगलगायींत किती बाधित, किती प्रकारचे डिंभ, कोणत्या महिन्यात अधिक, एवढ्या तीन रकान्यांची वही सुरतेच्या कोणत्याही महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना ठेवता येईल. सूक्ष्मदर्शक असेल तर डिंभांची चित्रेही काढता येतील. अशी वही दहा वर्षे चालली, तर किनाऱ्याच्या प्रकृतीविषयी ती जे सांगेल ते पक्षी मोजणाऱ्याच्या दुर्बिणीला सांगता येणार नाही.

पूर्वसुरींनी अशी कामे केली आहेत. जी. डी. भालेराव यांनी १९३५ मध्ये भारतातील पाळीव जनावरांच्या कृमींचा ग्रंथ सिद्ध केला. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात जी. बी. शिंदे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मासे आणि पक्षी यांच्यातील पट्टकृमींच्या अनेक जातींची वर्णने प्रसिद्ध केली. या नावांची मिरवणूक कधी निघाली नाही. ज्यांचा विषय ऐकून लोक नाक मुरडतात, अशा जीवांना त्यांनी नाव दिले, मापे दिली, चित्रे दिली आणि ग्रंथात जागा दिली.

ग्रंथालयाला हे काम परके वाटू नये. कोणत्याही जुन्या ग्रंथालयात काही पुस्तके अशी असतात, की ज्यांवर वर्षानुवर्षे शिक्का उमटलेला नसतो. कपाट हलके करायचे ठरले की प्रथम हात त्यांच्याकडे जातो. तरीही जाणता ग्रंथपाल ती काढून टाकण्यापूर्वी दाखलनोंद पाहतो. कारण एखाद्या संशोधकाला नेमके तेच पान हवे असते आणि ते इतरत्र कोठेच नसते. हजीऱ्याच्या चिखलातील कृमी हे त्या किनाऱ्याच्या संग्रहातील असे न मागितलेले पुस्तक आहे. त्याची किंमत ठरवायची की नाही हा नंतरचा प्रश्न. ते कपाटात आहे एवढी नोंद तरी दाखलवहीत झाली पाहिजे. नोंद झाली म्हणजे ते काढून टाकणाऱ्याला निदान सही करावी लागते.